चार नंबरच्या मशीनचं रजिस्टर

किस्से असे ठरवून कोणी गोळा करत नाही. जुन्या सीडी जशा "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत खणात पडून राहतात, तसे ते साचतात. माझ्याकडचे बरेचसे रफिकभाईच्या सायबर कॅफेतले. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत, आठ पायऱ्या चढून गेलं की पाच मशीन आणि रफिकभाईचं रजिस्टर. नाव, वेळ, मशीन नंबर, काम. आयडी दाखवल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही. आणि नोंद तो स्वतःच करायचा, कारण आमची अक्षरं त्याला पसंत नव्हती!

एकदा एक हवालदार मुलीचा रिझल्ट बघायला आले. अंगावर पूर्ण वर्दी, छातीवर नावाची पट्टी.

"आयडी?" रफिकभाईनं विचारलं.

"अहो, ही रजिस्टरं तपासायला मीच येतो ना!"

"तपासायला याल तेव्हा नाही मागणार. आज तुम्ही गिऱ्हाईक."

हवालदारांनी निमूटपणे पाकीट काढलं. कामाच्या रकान्यात नोंद झाली, 'मुलीचा रिझल्ट'.

*

मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होतो, आणि दर मंगळवारी शाळा सुटली की चार नंबरला बसून टोपणनावानं ब्लॉग लिहीत होतो. आमच्या भागातल्या एका पुढारीसाहेबांनी मुलांच्या बागेसाठी ठेवलेल्या प्लॉटवर स्वतःचं कार्यालय बांधलं होतं, त्यावर. अडचण एवढीच, की हे साहेब माझ्याच शाळेचे अध्यक्ष होते! नाव फुटलं असतं तर त्याच दिवशी घरी. बायकोला दिवस गेलेले, घरात पगार माझा एकट्याचा.

तरी लिहीत होतो. इंटरनेट आलं म्हणजे आता लोक जाब विचारणार, पुढारी सरळ होणार, असं मला खरोखर वाटायचं. हसू नका, तेव्हा पुष्कळांना वाटायचं.

तीन आठवड्यांनी पहिली कॉमेंट आली. 'एकदम बरोबर!' मी हरखून गेलो. शेजारच्या मशीनवरून नारायण म्हणाला, "सर, आली काय माजी कॉमेंट?"

*

नारायण पळस्प्याकडच्या गावातला, कळंबोलीच्या लोखंड बाजारात मालाचा टेम्पो लावणारा. ब्लॉग माझा, हे फक्त त्याला ठाऊक. निदान माझी तशी समजूत होती.

त्याला माझी कीव आली असावी. एका संध्याकाळी त्यानं मला न विचारता ब्लॉगच्या चाळीस प्रती छापून घेतल्या आणि सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, साहेबांच्या कार्यालयासमोरच्या खांबावर चिकटवल्या.

"अरे, काय केलंस हे?" मी त्याला बाजूला ओढलं.

"आमच्या गावात नेट नाय, सर. पन सलून हाय ना! आता आख्खा गाव वाचतोय."

तंत्रज्ञानानं वर्षभरात जे जमलं नाही, ते खळीच्या डब्यानं एका दिवसात केलं. मला मात्र आठवडाभर जेवण गेलं नाही.

*

पुढच्या सोमवारी साहेब शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये मला बोलावणं. टेबलावर माझाच लेख.

"सर, तुम्हाला नेटमधलं कळतं म्हणतात. हा कोण आहे, शोधून काढा."

म्हणजे मीच मला शोधायचं होतं! मी म्हणालो, "अवघड आहे साहेब. असे लोक बरेचदा परदेशात बसून लिहितात."

साहेबांनी लेखातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "परदेशात बसून ह्याला आमच्या कार्यालयासमोरचं फुटलेलं गटार दिसतं?"

मग त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. त्यांच्या पुतणीचं हॉल तिकीट. दोन्ही कागदांच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत तीच काळी रेघ. रफिकभाईचा प्रिंटर वर्षभर ती रेघ ओढत होता. आम्हाला तिची इतकी सवय झालेली, की आता ती दिसतही नव्हती.

"हिनं कॅफे सांगितला," साहेब म्हणाले. "लेखावर तारीख-वेळ आहेच. उद्या आमचा कार्यकर्ता दिनू जाईल. तुम्ही सोबत जा. रजिस्टर तुम्हीच वाचा."

*

मंगळवारी दिनूच्या मागून मी त्या आठ पायऱ्या चढलो. तीन मशीनवर माणसं होती, नारायण त्यांतलाच. त्यानं मान वर केली नाही.

दिनूनं रजिस्टर ओढून माझ्यापुढे टाकलं. "वाचा, सर. लेखाच्या तारखा बघा."

मी पान उलटलं. आयुष्यात प्रथमच स्वतःचं नाव वाचायची भीती वाटत होती.

'मंगळवार, सायंकाळी साडेपाच, मशीन चार...' पुढे रफिकभाईच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'रफिक. काम: स्वतःचं.'

आधीचा मंगळवार, रफिक. त्याच्या आधीचाही रफिकच. वर्षभर माझं नाव कुठेच नव्हतं. मी वाचत होतो आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"तू लिहितोस हे?" दिनू टेबलावर वाकला.

"मीच."

रफिकभाईला मराठी टाइप करता येत नव्हतं. दुकानाची पाटीसुद्धा मी टाइप करून दिली होती.

"मग बस मशीनवर. माझ्यासमोर लिहून दाखव."

कॅफेतला कीबोर्डचा आवाज थांबला. रफिकभाईनं शांतपणे रजिस्टर स्वतःकडे फिरवलं, पेनाचं टोपण काढलं.

"दाखवतो की. पण मशीन तुमच्या कामासाठी चालू होणार, नोंद तुमच्या नावानं. नाव सांगा. आयडी दाखवा."

"मला आयडी मागतोस?"

"इथं हवालदारसाहेबांनीही दाखवलाय. ते हे रजिस्टर तपासायला येतात. दर महिन्याला, अगदी ओळ न् ओळ वाचतात." त्यानं पेन टेकवलं आणि दिनूकडे पाहिलं. "हं. कामाच्या रकान्यात काय लिहू?"

दिनूनं रजिस्टरकडे पाहिलं, मग वळून बघणाऱ्या तिघांकडे. काहीतरी पुटपुटला आणि पायऱ्या उतरून गेला.

रफिकभाईनं नवी ओळ आखली, वेळ टाकली, स्वतःचंच नाव लिहिलं.

"सर," तो म्हणाला, "आज मंगळवार. चार नंबर रिकामी आहे."