ढब्बूच्या वाट्याचं ऊन

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी त्यांना सांगणारी बाई मी — पण हे नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या घरी चहाला येणार नाही.

आधी एक ऐका. उन्हातलं मला कळतं. डोंबिवलीत आमच्या चार मजली बिल्डिंगला गच्ची आहे, आणि तिच्यावर पंचवीस उन्हाळे मी पापड-कुरडया घातल्यात. कुठल्या कोपऱ्यात किती वाजता ऊन येतं, टाकीची सावली कधी सरकते, सगळं पाठ. तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ हे माझ्या तोंडी शोभत नाही, आणि मी ते म्हणणारही नाही.

माझा भाऊ घोडबंदर रोडला राहतो, सतराव्या मजल्यावर. त्याची मुलगी गार्गी तेव्हा तेरा वर्षांची. तिच्याकडे कासवाचं पिल्लू होतं — जमिनीवरचं, परदेशी जातीचं, रीतसर कागद असलेलं. जेमतेम बटाटेवड्याएवढं. नाव ढब्बू. मे महिन्यात ती आजोळी चिपळूणला चालली, तर मीच म्हटलं, ठेव माझ्याकडे. गच्ची आहे, ऊन आहे, आत्या आहे. अजून काय पाहिजे?

पोरीनं दोन गोष्टी तीन-तीनदा बजावल्या. रोज सकाळी अर्धा तास उघड्या उन्हात — काचेतून आलेलं चालत नाही, त्यातलं कवचाच्या कामाचं असतं तेच काच अडवते. आणि उरलेला दिवस त्याच्या खोक्यावरचा तो खास, उन्हाचं काम करणारा दिवा चालू. “आत्या, रोज एक फोटो पाठव हं.” पाठवते गं बाई, म्हटलं. मला शिकवतेय!

पहिल्या दिवशी गच्चीवर नेलं. नेलं हो, खरंच. मी इकडे पापड घालतेय, ढब्बू मोकळा, आणि बघते तर स्वारी माझ्या पापडांवरून चाललेली! शेजारच्या म्हात्रेकाकू ओरडल्या, “अगो, कासव फिरला पापडांवरून, आता कोन खानार?” चार बायका हसल्या. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? माझ्या पापडांना आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. झोंबलं मला.

मग मी काय केलं? त्याच सकाळी ढब्बूचे फोटो काढले — तीस-पस्तीस. टाकीजवळ, जास्वंदीच्या कुंडीपाशी, पाइपाशेजारी. सावल्यासुद्धा वेगवेगळ्या याव्यात म्हणून दोन तास खपले. आणि त्याला खाली आणून हॉलच्या बंद खिडकीमागे ठेवलं. पुन्हा तो वर गेलाच नाही. रोज नऊ वाजता मी गच्चीवर पापड उलटता उलटता गार्गीला एक फोटो पाठवायचे. तिकडून लाल बदाम यायचे. आणि तो दिवा? त्याचा उजेड टीव्हीवर पडायचा. मी बंद करून ठेवायचे.

जून लागता लागता गार्गी परत आली, ढब्बूला उचललं आणि तिचा चेहराच उतरला. कवच बोटाखाली दबत होतं. मागचे पाय ओढत चालत होता. भाऊ, ती आणि मी ठाण्यात प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ऊन कमी पडलं की कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणाले. ऊन देत होतात ना? गार्गीनं माझ्याकडे बघितलं. आणि मी — ठसक्यात हं, जराही न अडखळता — म्हटलं, रोज अर्धा तास. फोटो आहेत. तिनंच मोबाइल काढून दाखवले, एकेक करून. मग दिवाच बेकार असेल, डॉक्टर म्हणाले. दिवा गार्गीनं निवडलेला. भाऊ तिथंच तिच्यावर बरसला — जीव सांभाळता येत नाही तर आणावा कशाला? ती रडली नाही. खोक्यावर हात ठेवून नुसती बसून राहिली.

तेव्हाच बोलता आलं असतं मला. एक वाक्य. पण लाज कशाची वाटली मला? ढब्बूची नाही, त्या पोरीचीही नाही. भावासमोर आपण तोंडघशी पडू, त्याची. एवढीच माझी लाज.

ढब्बू जगला. कवच मागून बसकं राहिलं, पाय अजून फरफटतात. गार्गी आता कॉलेजला आहे, पण सकाळचं लेक्चर असलं तरी आधी त्याला लिफ्टनं खाली नेते, सोसायटीच्या बागेत उन्हात घेऊन बसते. गेल्या महिन्यात मीही तिथे बसलेले. त्याच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, “आत्या, तू एवढं केलंस त्याचं. मीच तो दिवा नीट बघून आणायला हवा होता.”

“जाऊ दे गं,” मी म्हटलं, “लहान होतीस तू.”

म्हणजे बघा — मी तिला माफ केलं.