खुशालरावांना न उतणारा बिबा

अमरावती-नागपूर रस्त्यावरून तिवश्याजवळ आत वळलं की खुशालरावांचं शेत लागतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बिब्याचं एक झाड आहे. बुटकं, रुंद पानांचं. त्याच्या काळ्या फळातलं तेल कातडीला लागलं की कातडी उतते, म्हणजे फोडांनी भरून येते. तेच तेल थेंबभर टाचेच्या भेगेत सोडलं तर भेग बुजते. परीट त्यानंच कपड्यांवर खुणा करत, आणि आतली गोडंबी आजही बाळंतिणीच्या लाडवांत पडते. हे सगळं खुशालराव न विचारता सांगतात. शिवाय, ‘मले बिबा उतत नाई,’ हेही.

या हिवाळ्यात धुऱ्यालगत कांदा होता. निंदायला आलेल्या बायांची म्होरकी कौशल्याबाई म्हणाली, “त्या झाडाखाली आमी बसत नाई, भाऊ. माह्या सुनेचं तोंड मागच्या साली फुटबॉल झालतं.”

मुलगा नितेश म्हणाला, “बाबा, उद्या तोडतो ते झाड. कांदा तणात चालला.”

झाड वाचवायचं तर त्याचा गुण दाखवायला हवा, असं खुशालरावांना वाटलं. बाया जेवायला बसल्या तेव्हा त्यांनी दाभणाला बिबा टोचला, चहाच्या चुलीवर धरला आणि सुटलेला थेंब स्वतःच्या टाचेत सोडला. जीव कळवळला. पण बाया पाहत होत्या. म्हणून चेहरा कोरा ठेवून त्यांनी, बोटं न पुसता, मिशीला पीळ दिला.

सकाळी मिशी जागेवर होती, तोंड नव्हतं. ओठ वांग्याएवढा, एक डोळा बंद.

खोबरेल लावता लावता बायकोनं, मैनाबाईंनी विचारलं, “तुमाले तर उतत नाई ना?”

“मले नाई उतलं,” खुशालराव म्हणाले. “मिशीले उतलं.”

घरी बसावं तर तिकडे कुऱ्हाड चालणार. तोंडाला दुपट्टा गुंडाळून ते शेतात गेले. नितेश कुऱ्हाड घेऊन झाडाखाली उभाच होता. कौशल्याबाईनं दुपट्टा बाजूला करायला लावला आणि नीट निरखून पाहिलं.

“आमाले जे सांगाचं होतं, ते तुमचं तोंडच सांगून राह्यलं, भाऊ.”

खुशालरावांनी दुपट्टा पुन्हा गुंडाळला. “झाड राहू दे,” ते नितेशला म्हणाले. “त्याच्या खालचे वाफे मी निंदतो.”

“अन् पुन्हा उतलं तर?”

“आता जागा कुठी उरली?”

नितेशला हसू आवरलं नाही. “एका बी वाफ्यात तण दिसलं, तर तोडीन,” म्हणत त्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून खुशालराव बिब्याखाली बसले. वर्षानुवर्षं धुऱ्यावर उभं राहून ते बायांना निंदण कसं करावं ते सांगत आले होते. थोड्या वेळानं पलीकडच्या वाफ्यातून आवाज आला, “भाऊ, गवत उपटा. कांदा नका उपटू.”

खुशालरावांनी उघड्या डोळ्यानं हातातलं पाहिलं. कांदाच होता.