दुसरी बॅटरी

हिंगोलीच्या बॅटरीवाल्यानं मला हँडलच घ्यायला सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्या बिचाऱ्यावर कुणी खापर फोडायला नको.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. मी कुरुंद्याकडच्या एका बागायतदाराची मोटार चालवत होतो. मोटार म्हातारी. तिचा डायनामो बॅटरीला पुरेसं चार्जिंग द्यायचा नाही, त्यामुळं सकाळी स्टार्टर दाबला की ती कण्हायची आणि गप्प व्हायची. मी तिला नेहमी उतारावर उभी करायचो. ब्रेक सोडला, थोडी घरंगळली की गिअर टाकायचा आणि चालू. सपाटीवर मात्र धक्का लागायचाच. शेवटी मालक कंटाळून म्हणाले, “हिंगोलीला जाय अन् काय लागतं ते घेऊन ये. तुला जे बराबर वाटंल ते.”

‘तुला जे बराबर वाटंल ते’ असं त्याआधी मला कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही बौद्ध, आणि आमच्या वस्तीतला पहिला ड्रायव्हर मी. खाकी कपडे घालायचो, तेही कडक इस्त्रीचे. तांब्यात निखारे घालून अक्का ती इस्त्री करून द्यायची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तिनंच मला वाढवलं, आणि नवरा वारल्यावर ती माझ्याच घरी राहून रोजानं हळदीच्या कामाला जायची.

बॅटरीवाल्याचं दुकान एसटी डेपोच्या मागं होतं. त्यानं माझ्यापुढं दोन वस्तू ठेवल्या. एक लोखंडी हँडल, मोटारीच्या नाकात घालून फिरवायचं. दुसरी, लाकडी पेटीत बसवलेली जास्तीची बॅटरी. पेटीला धरायला दोर, सोबत चिमटे लावलेल्या दोन जाड तारा. डिकीत ठेवायची, अडलं की तारा जोडायच्या आणि स्टार्टर मारायचा.

“ड्रायव्हरसाब, हँडल लेलो,” तो म्हणाला. “हँडल कू चार्जिंग नको. ये पेटी महिने में एक बार यहाँ लाना पडता, काम पडो नै पडो. नै तो बैठ जाती.”

मी पेटी घेतली.

का घेतली, ते सांगायला आजही जिवावर येतं. त्याच्या वर्षभर आधी जवळा बाजारला, भर बाजारात, मोटार बंद पडली होती. मी चार माणसांना विनवून धक्क्याला बोलावलं. त्यातला एक आमच्याच गावचा. मोटार चालू झाल्यावर तो खिडकीशी आला आणि म्हणाला, “गाडी मालकाची हाय म्हून ढकलली. तुह्यासाठी न्हाई.” आणि सगळ्यांदेखत त्यानं हात धोतराला पुसले. आजूबाजूचे खो खो हसले. मी गिअर टाकून निघून गेलो. दुसरं काय करणार होतो? त्या दिवसापासून ठरवून टाकलं, धक्क्यासाठी पुन्हा कुणाला हाक मारायची नाही. हँडल मारायचं म्हणजे चार लोकांत मोटारीपुढं ओणवं व्हायचं. तेही मला नको होतं. पेटीचं काम कसं साहेबी. तारा लावा आणि ताठ उभे राहा.

अक्कानं पेटीला जुन्या लुगड्याची खोळ शिवली. आमच्या घरात चांगली वस्तू वापरत नसत, जपत. नवी घोंगडी पाहुण्यांसाठी, काचेची बशी डॉक्टर घरी आले तर त्यांच्यासाठी. तशी ही बॅटरी अडचणीसाठी. पहिले दोन महिने मी ती हिंगोलीला नेऊन चार्ज करून आणली. मग मनात आलं, वापरलीच नाही तर उतरेल कशी? उगाच कशाला झिजवायची? मी उताराच्या जागा शोधत राहिलो आणि पेटी डिकीत तशीच राहिली. दर आठवड्याला खोळ काढून मी ती फडक्यानं पुसायचो. वरून नवीकोरी दिसायची. आत ती मरत चालली होती आणि मला पत्ता नव्हता.

फाल्गुनात हळद शिजायला लागली. मालकाच्या मळ्यात चुलवणावर भली मोठी कढई चढली होती. पुरुष जाळ घालायचे, बाया शिजलेली हळद काढून पसरायच्या. अक्का त्या बायांत होती. दुपारी मालकांना घेऊन मी मळ्यात आलो. त्यांनी मोटार खळ्याजवळच्या सपाट जागेत उभी करायला लावली आणि ते ओढ्यापलीकडचं रान बघायला पायी गेले. मी काचा पुसत होतो, तोच बायांचा आरडाओरडा कानावर आला. चुलवणाची एक बाजू खचून कढई कलंडली होती आणि उकळतं पाणी अक्काच्या अंगावर गेलं होतं, कमरेपासून खाली पार पायांपर्यंत.

बायांनी तिच्यावर हौदातलं पाणी ओतलं आणि चौघींनी उचलून तिला मोटारीपाशी आणलं. ती शुद्धीत होती. मागच्या सीटवर ठेवायला लागलो तर म्हणाली, “खाली पोतं टाक रे. शीट पिवळी व्हईल.”

मी पोतं टाकलं.

स्टार्टर दाबला. कट् एवढाच आवाज आला. मी घाबरलो नाही. उलट वाटलं, पेटी याच दिवसासाठी तर जपली होती. डिकी उघडली, खोळ काढली, तारा जोडल्या, पुन्हा स्टार्टर दाबला. आता तेवढाही आवाज झाला नाही.

चिमटे काढले, घासले, परत लावले. काही नाही. कढईवरची सहा-सात माणसं भोवती उभी होती. बाजारात हात पुसणारा त्यांच्यातच होता, आणि तोच पुढं आला.

“ढकलू का?”

“नको,” मी म्हणालो. “व्हतंय चालू.”

त्याच्या तोंडावर तेव्हा चेष्टा नव्हती, नुसती घाई होती. मला ती दिसली, तरीही मी बॉनेटखाली डोकं खुपसलं. एक म्हातारी ओरडली, “अरे, काहून थांबून राहिला?” मी तिच्यावर खेकसलो. मोटारीतलं कळणारा तिथं मी एकटाच, म्हणून सगळे गप्प राहिले. एरवी गावात माझा शब्द कुणी ऐकत नसे, त्या दिवशी नेमका ऐकला. पलीकडच्या रस्त्यानं वसमतची एसटी धूळ उडवत निघून गेली. मोटारीत अक्का बारीक आवाजात ‘आई, आई’ करत होती. मी एक तार काढत होतो आणि तीच परत लावत होतो.

पाऊण तासानं मालक आले. मोटारीत डोकावून त्यांनी एकदा अक्काकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. “बघत काय राहिले? ढकला!”

सगळ्यांनी हात लावला. दहा पावलांत मोटार चालू झाली.

वसमतला डॉक्टरांनी पट्ट्या बांधून नांदेडला पाठवलं. नांदेडच्या डॉक्टरांना मी विचारलं, लवकर आलो असतो तर? ते म्हणाले, इतकं भाजल्यावर काही सांगता येत नाही. चांगला माणूस असावा. त्या ‘सांगता येत नाही’चा अर्थ मी इतकी वर्षं दोन्ही बाजूंनी लावून पाहिला. एका बाजूनं थोडी झोप लागते, दुसऱ्या बाजूनं लागत नाही.

त्या हात पुसणाऱ्याचा राग मला आजही आहे. तो मी सोडणार नाही. ज्यांना ते बघून हसू आलं त्यांचाही आहे. पण त्या दुपारी तो पुढं आला होता आणि ‘नको’ मी म्हणालो होतो. माझी बहीण मागच्या सीटवर भाजून पडलेली असताना मी स्वतःची मान ताठ ठेवत बसलो होतो. एवढी लाज मला बाजारातही वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काला ताप चढला. मी चमच्यानं तिला पाणी पाजत होतो. मध्येच तिनं विचारलं, “गाडी चालू व्हायला किती येळ लागला रे?”

“दहा मिन्टं,” मी म्हणालो.



“दहाच? अन् म्या उगंच मनात तुह्यावर रागावले व्हते. मला लई येळ वाटला.”

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि मी ते मिटलं. दुपारी ती गेली.