एस्तरला न दिलेलं माहेर

जिजाजींचा फोन आला तेव्हा मी पपईच्या वावरात ठिबकची नळी दुरुस्त करत होतो. कोचीहून बोलत होते. "एस्तर गई रे भाऊ... आज सकायमा," एवढंच म्हणाले. डोक्यात रक्तस्राव झाला, बंदरापासून दवाखान्यापर्यंत नेईस्तोवर बोलत होती, मग बोलणं थांबलं. मी "अरेरे" म्हणालो. फोन ठेवला आणि पुन्हा नळी दुरुस्त करायला बसलो. तिला नवापूरजवळच्या तिच्या डोंगरातल्या गावी आणलं, तिथं मातीही झाली, पण मी गेलो नाही. पाणी भरायचं आहे, मोटार बिघडली आहे, असं घरात सांगितलं. मोटार ठणठणीत होती.

एस्तर कोण, हे आधी सांगायला हवं. माझी मोठी बहीण उषाताई आमच्या प्रकाशा गावची, तापीकाठची. तिचे यजमान, म्हणजे आमचे जिजाजी, रनाळ्याचे. त्यांची सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत गेली. निवृत्त झाल्यावर माणूस बंगला बांधतो, यांनी एक जुनी शिडाची बोट विकत घेतली आणि दोघं नवरा-बायको समुद्रावर राहायला गेले. ताईनं बोटीचं नाव 'तापी' ठेवलं. लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका, एकदा तर थेट सेशेल्स. बोटीला पावसाळा सोसत नाही म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ती किनाऱ्याला ओढून ठेवायची आणि ताईनं नेमकी आखाजीला माहेरी यायचं, असं वर्षाचं गणित बसलं होतं. कुठल्याही बंदराला लागली की तिचा मला संदेश यायचा, "पोचलो. बरे आहोत." मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, छडीनं नकाशावरचे महासागर दाखवले, आणि समुद्र पाहिला तो फक्त सहलीच्या वेळी, गुडघाभर पाण्यात पँट दुमडून. ताईचा मला अभिमान होता, आणि थोडा हेवाही होता. आज काहीच लपवायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून तेही लिहितो.

ताई कॅन्सरनं गेली. शेवटचे पाच महिने मुंबईच्या दवाखान्यात जी नर्स तिच्याजवळ असायची ती एस्तर. नवापूरकडच्या आदिवासी ख्रिस्ती घरातली, चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, बारीक अंगाची, फार हळू बोलणारी. ताई तिला बोटीच्या गोष्टी सांगायची. ताई गेल्यावर जिजाजी बोट विकायला निघाले होते, गिऱ्हाईकही ठरलं होतं. मग दीड वर्षानं कळलं की बोट विकली नाही आणि जिजाजींनी एस्तरशी रजिस्टर लग्न केलं. त्यानंतर एक फोटो आला. सुकाणूवर एस्तर बसलेली, डोक्यावर ताईची कापडी टोपी. मला तो फोटो सोसला नाही. घरभर आदळआपट केली. राग टोपीचा आहे असं मी बायकोला सांगत होतो. तिनं निवांतपणे विचारलं, "आपला जातनी ऱ्हाती, आनि तीच टोपी घालती, तं येवढा राग येता का तुमले?" मी जेवणाचं ताट सारून उठलो. मुलांना वर्षानुवर्षं समतेचे धडे मीच दिले होते.

पुढं एस्तरचे संदेश यायला लागले. ताईचा नंबर बंद झाला तसा तो रिवाज तिनं आपल्याकडे घेतला असावा. "भाऊ, आज मिनिकॉयला लागलो. बरे आहोत." "भाऊ, पहिले बारा दिवस उलट्याच झाल्या, आता सवय झाली." "भाऊ, शीड फाटलं होतं, जखमेला घालतो तसे टाके घातले, टिकलंय." मी प्रत्येक संदेश दोन-दोनदा वाचायचो. उत्तर एकालाही दिलं नाही. उलट, वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसू नयेत म्हणून फोनमधली ती सोय पुतण्याकडून बंद करून घेतली. एवढी खटपट एखाद्या चांगल्या कामासाठी केल्याचं मला आठवत नाही.

आमच्या भागात एक रीत आहे. पहिली बायको वारली आणि दुसरी आली, की दुसरीला पहिलीच्या माहेरी नेतात. तिथं तिला साडी-चोळी करतात, ओटी भरतात, आणि त्या दिवसापासून ती त्या घरची लेक होते. मेलेल्या लेकीची जागा अशी भरून घेतात. दुसरी बायको गळ्यात पहिलीच्या नावाचा, तिची प्रतिमा उमटवलेला चांदीचा छोटा टाक घालते. जिजाजी हे सगळं विसरले असते, पण रनाळ्याच्या त्यांच्या काकूंनी एस्तरला सांगितलं, आणि आधी कळवून आखाजीला दोघं दुपारी आमच्या दारात उभी राहिली. बायकोनं साडी आणून ठेवली होती, मोरपंखी रंगाची. मी सकाळीच तिला ताकीद दिली होती की साडी कपाटातून बाहेर काढायची नाही.

मी त्यांना ओट्यावरच बसवलं. आत सगळ्यांच्या पंगती चालल्या होत्या, आमरसाचा वास दारापर्यंत येत होता, आणि मी पाहुण्यांना चहा विचारला. बायको कपबशा घेऊन यायला लागली तेव्हा मी म्हणालो, "तिले कागदना ग्लासमा दे." हळू म्हणालो असं मला वाटलं होतं. एस्तरनं ऐकलं. तिनं चहा प्यायला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग गळ्यातली साखळी पुढं करून म्हणाली, "भाऊ, टाक मी नवापूरच्या सोनाराकडून घडवून घेतला. ताईंसारखा जमलाय का, बघा ना." त्याच साखळीत तिचा क्रूस होता. मी टाकाकडे पाहिलंच नाही. म्हणालो, "मन्ही एकच बहीन व्हती. ती गई. आते या घरमा कोनं माहेर नही शे." जिजाजी ताडकन उठले. एस्तरनं त्यांचा हात धरला. "बरं, भाऊ," ती म्हणाली... तो रिकामा कागदी ग्लास तिनं चेपला आणि पर्समध्ये ठेवला. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "बोटीवरची सवय. तिथं काही फेकता येत नाही."

 त्यानंतरही एस्तरचे संदेश थांबले नाहीत. पुढची दोन वर्षं येत राहिले, तसेच, दोन ओळींचे. आखाजीला मात्र ती दोघं पुन्हा प्रकाशाला आली नाहीत.

एस्तर वारल्यानंतर पाचव्या आठवड्यात बायकोनं मला गाडीत बसवलं आणि नवापूरच्या बाजूला नेलं. टेकडीच्या उतारावर कौलारू घर, अंगणात मोहाचं झाड. जिजाजी तिथंच होते, खूप वाळलेले. एस्तरची आई फार म्हातारी आहे, घरात कोकणा आदिवासींची कोकणी बोलते, माझ्यासाठी ती मराठी जुळवून बोलली. मी नाव सांगायच्या आत तिनं माझे दोन्ही हात धरले. "तू परकाशाचा भाऊ ना? ये. आत ये. बस." मला आतल्या खाटेवर बसवलं. म्हणाली, "गावात लोक बोलत होते, त्या मोठ्या लोकांत पोरीला कोण घेणार? पण तू घेतलं. साडी दिली, ओटी भरली. पोरगी साडी नेसून आली तेव्हा मी सगळ्या गावाला दाखवलं. पोरीला पेटीत घातली ना, तेव्हा तीच नेसवली. भावाची होती."

मी जिजाजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. निघताना गाडीपाशी त्यांनी सांगितलं, त्या आखाजीला आमच्या दारातून निघाल्यावर एस्तरनं नंदुरबारच्या बाजारात गाडी थांबवली, दुकानात जाऊन स्वतःच साडी घेतली आणि दुकानातच नेसली. "भाऊना राग उतरी जाई," म्हणे, "तोवर मायले कशाले दुखाडानं?"

पण हे कळलं ते नंतर. आत खाटेवर बसलेलो असताना मला एवढंच कळत होतं की म्हातारी माझे हात सोडत नाहीये आणि माझे आभार मानतेय. खरं बोलायला तेव्हा पुष्कळ वेळ होता. मी मान हलवली आणि म्हणालो, "हो आई. लेकच होती ती आमची."

त्या घरात हा पेपर येतो, आणि नात आजीला रविवारी पुरवणी वाचून दाखवते, असं निघता निघता कानावर पडलं होतं. म्हणून हे लिहिलं. बाळ, एवढं शेवटचं वाक्य आजीला जरा मोठ्यानं वाचून दाखव... आई, ती साडी मी दिली नव्हती.