जगबुडीची पोथी

मला जगबुडीच्या गोष्टी आवडतात. कुमारांसाठी लिहिलेल्या, विज्ञानाच्या, ज्यात सुरुवातीलाच जग खलास होतं आणि उरलेलं पुस्तकभर चार-सहा पोरं त्या उद्ध्वस्त मुलखातून वाट काढत हिंडतात, तसल्या. नातवंडं झाली तरी आवडतात. लायब्ररीत मुलांच्या कपाटापुढं उभी राहिले की तिथली बाई विचारते, "नातवासाठी का?" मी सांगते, "नाही, माझ्यासाठी." तिला हसू येतं. येऊ दे.

असल्या पुस्तकांवर नाक मुरडणारे लोक मी आयुष्यभर पाहिले. त्यात मास्तर होते, सुशिक्षित शेजारी होते, माझ्याच घरातली माणसं होती. मुलांच्या मनात भीती बसते म्हणे. अहो, भीती घालणारी पुस्तकं वेगळी. अमुक मुलगी ऐकत नव्हती म्हणून तिचं वाटोळं झालं, तमुक मुलगा उलटून बोलला म्हणून त्याला देवानं धडा शिकवला, असल्या बोधकथा मला शाळेत बक्षीस म्हणून मिळायच्या आणि त्या वाचून मी दबून राहायला शिकले होते. ती भीती घालवली ती एका जगबुडीच्या पुस्तकानं. त्या पुस्तकासाठी मी घरात भांडले आणि त्या भांडणाचा मला आजही अभिमान वाटतो.

अवकाशातली प्रयोगशाळा, स्कायलॅब, पडणार पडणार म्हणून सगळ्यांनी आभाळाकडं बघितलं, त्या आषाढातली ही गोष्ट. मी सातवीत होते. आम्ही शिवाजी पेठेत राहायचो. वडील सरकारी कचेरीत कारकून, आई घरात, आणि आम्हा सगळ्यांच्या वर थोरली काकू, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका वारले होते आणि घर काकूच्या शब्दावर चालायचं. वडील कचेरीत साहेबापुढं मान खाली घालायचे आणि घरी वहिनीपुढं. वहिनीला ते कधी नाही म्हणालेले मी तरी ऐकलं नव्हतं.

काकूला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऐकायची हौस दांडगी. त्यामुळं आमच्या घरात वाचन म्हणजे मोठ्यानं वाचन. मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात वाचायला लागले की तिला ते चोरून खाल्ल्यागत वाटायचं. "सोप्यात बसून वाच की. आमास्नी बी ऐकू दे," म्हणायची. श्रावणात मी पोथी वाचायचे, एरवी वाचनालयातली गोष्टीची पुस्तकं. आई आणि काकू शेंगा फोडत ऐकायच्या. पोथी असो नाहीतर गोष्ट, काकू सुरुवातीला हात जोडायची आणि संपल्यावरही. तिच्या लेखी दोन्ही सारखंच होतं, आणि तिला त्यातला फरक सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

वाचनालयाचं कार्ड वडिलांनी माझ्या नावानं काढून दिलं होतं. शाळा सुटली की पेठेतली पोरं तालमीत जायची, फुटबॉल खेळायची, रंकाळ्यावर पोहायला जायची. पोरींनी कुठं जायचं? मला घराबाहेर पडायला एकच कारण होतं, पुस्तक बदलायचंय. त्या कार्डावर मी रोज अर्धा तास कुणाची मुलगी, कुणाची पुतणी नसायचे.

तर वाचनालयातल्या मुलांच्या कपाटात थोर पुरुषांच्या चरित्रांमागं दडपलेलं ते पुस्तक मला सापडलं. मुखपृष्ठावर लालभडक आभाळ, मोडलेला मनोरा आणि आपल्याकडं पाठ करून उभी असलेली एक मुलगी. गोष्ट अशी की मोठ्यांच्या युद्धात विषारी धूळ पसरते. शाळेच्या सहलीला जुनी खाण बघायला खाली उतरलेली काही मुलं तेवढी वाचतात. वर येतात तर गाव, शहर, बाजार, सगळं जागच्या जागी आणि जिवंत माणूस एकही नाही. मी रविवारी दुपारी सोप्यात बसून वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता कधी अंधारून आलं कळलं नाही. मुलं एकेक दार वाजवतात आणि आतून कुणीच ओ देत नाही, इथं आले आणि काकू ताडकन उठली.

"बंद कर आदी ते! दिवं लागायच्या टायमाला घरात असलं अभद्र? वास्तू तथास्तु म्हनत असती, ठावं हाय न्हवं तुला?"

आमच्याकडं हे प्रत्येक पोराला ठाऊक असतं. आपण घरात जे बोलू त्याला वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून वाईट बोलायचं नाही. मी म्हणाले, ही तर नुसती गोष्ट आहे. पण काकूनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती वडिलांकडं वळली.

"भावजी, ह्ये पुस्तक परत करा. आनि पोरीचं कार्ड बी देऊन टाका. पोथी बास झाली तिला."

"बरं वहिनी," वडील म्हणाले. झालं. माझं अख्खं जग त्या दोन शब्दांत बुडालं आणि वडिलांनी पेपरचं पान उलटलं. मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला होता.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी होती, म्हणून पुस्तक घरात राहिलं. आणि त्याच सोमवारी पेठेत बातमी पेटली. अमेरिकेनं वर सोडलेली ती भलीमोठी स्कायलॅब आता खाली यायला लागली आहे, आज-उद्या कुठंही कोसळेल. तालमीच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायचे, "काय पावणं, रेडिओवर काय सांगितलं? आपल्याकडं येतीया व्हय?" आषाढ होताच, त्यात हे निमित्त. मटणाच्या दुकानापुढं रांग लागली. "मरायचंच हाय तर रस्सा वरपून मरू की," म्हणून माणसं पिशव्या भरून नेत होती. अख्खी पेठ गळा काढून जग बुडणार म्हणून सांगत होती, घराघरांत, तिन्हीसांजेला, पोराबाळांदेखत. तेव्हा कुठल्याही वास्तूला काही होत नव्हतं. अशुभ ठरलं होतं ते फक्त माझं पुस्तक! मी रागानं त्या दिवशी रस्सा खाल्ला नाही, आणि कोल्हापूरच्या पोरीनं रस्सा न खाणं म्हणजे राग किती असेल बघा.

मंगळवारी टेंबलाईची जत्रा होती. पंचगंगेचं नवं पाणी कळशीत घेऊन पिपाणी-ढोलाच्या पी-ढबाक तालावर आम्ही पोरी काकूबरोबर टेकडीवर गेलो, देवीच्या पायरीवर पाणी ओतलं आणि दुपारी परत आलो. काकूनं देवीला काय मागितलं ते मला न विचारता कळत होतं. घरी आल्यापासून ती सारखी छपराकडं बघत होती. वडील कचेरीतून लवकर येऊन पुस्तक आणि कार्ड घेऊन जाणार होते. मी कळशी खाली ठेवली आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"काकू, पोथी अर्धी टाकली तर काय हुतं?"

"दोष लागतोय. म्याच शिकिवलंय की तुला."

"मग परवा अर्धी टाकली की आपन. तूच उठिवलंस. जग बुडालं हितंवर वास्तूनं ऐकलं आनि तथास्तु म्हनली. फुडं काय झालं त्ये तिनं ऐकलंच न्हाय. आता वरनं ती स्कायलॅब येतीया."

आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की घाबरली होती, मला कळलं नाही. मी मात्र हसत नव्हते. मला ते खरंच पटलं होतं, आणि आजही पटतं. या पुस्तकांना नावं ठेवणारे सगळे जग बुडतं तिथंच पुस्तक मिटतात. गोष्ट सुरू होते ती त्याच्या पुढं.

काकूनं पुन्हा एकदा छपराकडं बघितलं. मग म्हणाली, "फुडं काय हाय? समदी जित्ती हुत्यात?"

"न्हाय. मेल्याली मेली. पन पोरं जगत्यात."

"मग वाच. समदं वाच. पन दिवं लागायच्या आत संपीव."

आईनं सोपा झाडला आणि पोथीला मांडतात तसा पाट मांडला. मी वाचायला बसले. आता काय सांगू, काय पुस्तक होतं ते! पाणी पिण्याजोगं आहे का हे कळायला मुलं आधी त्यात बेडूक जगतात का बघतात. वरची माती विषारी, म्हणून खोल खणून खालची माती काढतात आणि त्यात बी पेरतात. पुढारी कुणी व्हायचं यावरून भांडतात, आणि शेवटी ज्या मुलीला शाळेत कुणी विचारत नव्हतं ती पुढारी होते, कारण तिलाच चूल पेटवता येते आणि तीच रडत बसत नाही. तिला कुणी विचारत नाही, कुठं निघालीस, कुणाला सांगून निघालीस. मधेच वडील आले. पुस्तक न्यायला म्हणून आले ते टोपी काढून माझ्यामागं भिंतीला टेकून बसले.

मग ती मुलगी आपल्या गावी जाते ते प्रकरण आलं. घर रिकामं. ती कणगीतलं बियाणं काढून घेते, घराला नमस्कार करते आणि मागं न बघता निघते. काकूचे शेंगा फोडणारे हात थांबले.

"आमचं बी असंच हुतं," ती म्हणाली. "धरनाचं पानी येनार म्हनून गाव उठिवलं. गाड्या भरून हुब्या हुत्या, आनि माजी आय चूल सारवत बसली. म्या म्हनलं, खुळी का काय तू? पान्यात जायाची चूल, सारवतीस कशाला? म्हनली, बुडायची तर बुडू दे, पन पारोशी न्हाय बुडायची."

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. काकू माहेरी का जात नाही, हे तिला घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी थांबले, तर तिनंच दटावलं, "थांबू नगंस. वाच."

शेवटी कुणी मोठं माणूस येऊन त्या मुलांना वाचवत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. त्यांनी पेरलेलं उगवतं. ती मूठ-मूठ वाटून खातात आणि थोडं बियाणं मागून येणाऱ्यांसाठी ठेवतात. पुस्तक संपलं. बाहेर अजून उजेड होता. मी पुस्तक मिटणार तोच काकूनं डोळे मिटून हात जोडले.

"आता फलश्रुती वाच."

पोथी ऐकणाऱ्याला काय फळ मिळतं ते शेवटी सांगितलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पोथी पुरी होत नाही. माझ्या पुस्तकात शेवटच्या पानावर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात होती. मी त्या जाहिरातीवर बोट ठेवलं, पोथीचा सूर लावला आणि वाचायला लागले. "जो कोणी हे मनोभावे ऐकेल, त्याच्या घरावर आकाशातून काही पडणार नाही. ज्यांची गावं बुडाली ते त्याच्या घरी सुखानं नांदतील. आणि त्या घरच्या मुलीच्या हातातलं पुस्तक जो काढून घेईल, त्याची पोथी कधीच पुरी होणार नाही."

काकूनं डोळे उघडले आणि माझ्या डोक्यावरून मागं बघितलं.

"भावजी, तुमी बगा जरा. तसंच लिवलंय न्हवं?"

वडील पुढं सरकले. चष्मा लावून त्यांनी ते पान बघितलं. पाककृती, चित्रकथा, किंमत, टपाल खर्च वेगळा, एवढंच त्यावर होतं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वहिनीकडं.

"व्हय वहिनी," ते म्हणाले. "तसंच लिवलंय."

"मग ऱ्हाऊ दे कार्ड," काकू म्हणाली आणि देवापुढं दिवा लावायला उठली.

स्कायलॅब दूर समुद्रापलीकडं पडली. पेठ थोडी हिरमुसलीच. दुसऱ्या दिवशी जेवताना काकूनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि तिथंच उकिडवी बसली.

"तुज्या बाला खोटं बोलाय येत न्हाय," ती म्हणाली. "कान लाल हुत्यात त्येचं."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मग कार्ड का ऱ्हाऊ दिलंस?"

"सायबाम्होरं, माज्याम्होरं, जल्मभर मान हलिवत आलेला मानूस. परवा पयल्यांदा पोरीसाठी हुबा ऱ्हायला. आनि तू तर काय, तोंडाची फटकळच." तिनं माझ्या भाकरीवर चटणी वाढली. "आमच्या गावात धरनाचा सायब आला तवा आमच्यात असं एक बी तोंड न्हवतं गं. वाच तू. मोट्यानं वाच."