दातानं तोडलेला दोरा

रफूवाले केस काळे करून संध्याकाळचे कुठेतरी जातात, ही बातमी गल्लीला दिली ती शेजारच्या लाँड्रीवाल्या काकूंनी. या काकूंना सगळे रेडिओ म्हणतात. तोंडावर नाही अर्थात. बातमीतला अर्धा भाग खोटा होता. केस काळे केलेले नव्हते, नुसते कापले होते. पांढरे तेवढे न्हाव्याच्या कात्रीत गेले आणि उरलेले आपोआप काळे दिसू लागले. पण जाण्याचं खरं होतं. फोटो स्टुडिओच्या माडीवर एक बाई डिजिटल फोटोग्राफी शिकवायच्या, तिथे रफूवाल्यांनी नाव घातलं होतं. बाई तिशीतल्या, केस आखूड, हसल्या की गालाला खळी. आता एवढा मालमसाला हाती आल्यावर काकूंनी काय हातावर हात धरून बसायचं? बायको जाऊन अजून वर्षही झालं नाही, याची आठवणही त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला करून दिली, वेगवेगळी, सावकाश, चहा घेत घेत.

रफूवाल्यांच्या डोक्यात एक बाई होती हे मात्र खरं. फक्त ती खळीवाली नव्हती.

त्यांची बायको जन्मभर त्यांच्या शेजारीच बसली. दुकान म्हणजे जेमतेम एक खोली. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीखाली लांब टेबल. उजेडाच्या बाजूला ते, कारण रफूला उजेड लागतो. त्यांच्या डाव्या हाताला ती. फाटलेलं त्यांच्याकडे आणि तुटलेलं तिच्याकडे, अशी वाटणी. इस्त्रीनं जळलेला कोट, कसरीनं खाल्लेली शाल, खिळ्याला अडकलेली पँट ही त्यांची. बटणं, हुक, काजं, तुरपाई तिची. आणि दोरा ती दातानं तोडायची. हाताशी कात्री असताना. अशानं तिच्या पुढच्या एका दाताला खाच पडली होती, बारीकशी, दोरा अलगद अडकेल एवढीच.

"कात्री काय शोभेला ठेवलीय?" ते रोज म्हणायचे.

"ती सापडेपर्यंत माझं दुसरं बटण होतं," ती रोज म्हणायची.

हा संवाद इतका मुरलेला होता की तो चालू असताना गिऱ्हाईकंसुद्धा मधे बोलायची नाहीत. संपू द्यायची, मग पिशवी पुढे करायची.

त्या खाचेपायी ती हसताना तोंडावर हात धरायची. फोटोत तर ओठ असे मिटलेले की जणू कुणी आतून टाका घातलाय. लग्नातले फोटो काढा, मुलीच्या लग्नातले काढा, सगळीकडे तीच मिटलेली बाई. अपवाद एकच. एकदा माहेरी आलेल्या मुलीनं दुकानात बसल्या बसल्या बापाच्या फोनवर टिपलेला. आईच्या एका हातात सुई होती, दुसऱ्यात एका अगडबंब गिऱ्हाइकाचा कोट, आणि रफूवाले म्हणाले होते, "याला बटण नको लावूस, कुलूप लाव." हात दोन्ही अडकलेले; तोंड झाकायला तिसरा आणायचा कुठून? ती तोंडभरून हसली आणि तेवढ्यात फोटो निघाला. खिडकी मागे, चेहरा अंधारात. मुलगी म्हणाली, काळा आलाय, जाऊ दे. तिनं तो मागितला नाही, यांनी पाठवला नाही.

पुढे फोन बदलताना सगळे फोटो जावयानं दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर आले आणि जुना फोन गेला. मग तीही गेली. उरला हा काळा फोटो. तो उजळायचा, मोठा करायचा आणि तिच्या खुर्चीच्या वर लावायचा, एवढ्यासाठी रफूवाले त्या माडीचा जिना चढत होते. दुकानात बसलं की डावा खांदा त्यांना मोकळा मोकळा वाटायचा. तिथे कुणीतरी हसत असावं, एवढंच त्यांना हवं होतं.

क्लासमध्ये कॅमेऱ्याशी त्यांचं पटलं नाही. बाईंनी सांगितलं, तीन गोष्टी सांभाळायच्या: आत उजेड घेणारं भोक केवढं उघडायचं ते अ‍ॅपर्चर, किती वेळ उघडं ठेवायचं ते शटर, आणि उजेडासाठी कॅमेऱ्यानं किती हळवं व्हायचं तो आयएसओ. रफूवाल्यांनी मान हलवली, म्हणाले, म्हणजे सुईचं नेढं. पण जन्म भोकं बुजवण्यात गेलेला. कॅमेरा हातात आला की बोटं आपोआप तिन्ही गोष्टी आवळत जायची. बाहेर टळटळीत ऊन आणि यांच्या फोटोत कोळसा.

"काका, तुम्ही सगळं बंदच करत सुटता," बाई म्हणाल्या. "जरा उघडा की."

एडिटिंगमध्ये मात्र गंमत झाली. संगणकावर एक ब्रश असतो. चेहऱ्यावर डाग असेल तर हा ब्रश शेजारची चांगली कातडी उचलतो आणि डागावर बेमालूम बसवतो. रफूवाले बघतच राहिले. हे तर रफू! आपणही दुसरं काय करतो? त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढायचे आणि भोकावर एकेक विणत न्यायचे, उभा, आडवा, उभा, आडवा. पहिल्याच दिवशी त्यांनी एका नवरदेवाच्या नाकावरची पुटकुळी अशी नाहीशी केली की बाईंनी सगळ्या वर्गाला बोलावून दाखवली. त्या दिवशी घरी जाताना चाल जरा वेगळीच होती. रेडिओनं ती चालही ऐकवली सगळ्यांना.

एक गोष्ट बाई परत परत सांगत. ओरिजिनलला हात लावायचा नाही, आधी त्याची कॉपी करायची आणि काय प्रयोग करायचे ते कॉपीवर. रफूवाल्यांना हे मनातून भिकारपणाचं वाटलं. गिऱ्हाईक एक कोट आणतं, त्याच्याच अंगावर काम करायचं असतं. दुसरा कोट शेजारी टांगून रफू करणाऱ्याला कुणी रफूवाला म्हणेल का?

एका दुपारी दुकानात गर्दी नव्हती. त्यांनी टेबल पुसलं, लॅपटॉप उघडला आणि तो फोटो काढला. सावल्या हळूहळू उजळत नेल्या. अंधारातून आधी कपाळ आलं, मग नाक, मग चष्म्याची काडी, मग ते हसू. रफूवाल्यांचा हात थांबला नाही. गालावरची धूळ पुसली, खिडकीचं पांढरं कमी केलं. आणि दातात एक काळा ठिपका दिसला.

त्यांनी काही ठरवलं नव्हतं. भोक दिसलं आणि हातानं ते बुजवलं, इतकंच. शेजारच्या दाताचा पांढरा उचलला आणि वर ठेवला. काम सुरेख झालं. मग सेव्ह. संगणकानं विचारलं, जुन्याच्या जागी हाच ठेवायचा ना? रफूवाले हो म्हणाले, सगळं बंद केलं आणि फोटो नव्या फोनवर घेऊन मुलीला पाठवून दिला.

फोन संध्याकाळी आला. मुलगी आधी किती तरी वेळ छान छान म्हणत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आईचा दात कुठंय?"

"आहे की."

"हा नाही. तिचा."

रफूवाल्यांनी फोटो पुन्हा उघडला. खुर्चीच्या वर लावायची म्हणून त्यांनी आणलेली बाई हसत होती. सुंदर हसत होती. पण तिनं जन्मात कधी दोरा तोडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप काखेत मारून बाईंकडे गेले. ओरिजिनल द्या, मी बघते, बाई म्हणाल्या. हेच ओरिजिनल, रफूवाले म्हणाले. बाई रागावल्या नाहीत, तेच त्यांना जास्त लागलं. बाईंनी गेलेलं परत आणायचे सगळे उपाय करून पाहिले. जे हाती आलं त्यात कपाळ होतं, चष्मा होता आणि त्याखाली राखाडी पट्टे, जणू कुणी खालचा अर्धा चेहरा विणायचाच सोडून दिलाय.

मग रफूवाल्यांनी जन्मात न केलेलं काम हाती घेतलं. भोक पाडायचं. ब्रश घेऊन दातात खाच कोरायला बसले. एक केली ती उंदरानं कुरतडल्यासारखी, दुसरी केली ती किडल्यासारखी. आणि मग ध्यानात आलं की ती डावीकडच्या दाताला होती की उजवीकडच्या, हेच त्यांना सांगता येत नाही. मेव्हण्याला विचारलं, तो म्हणाला डावा. लाँड्रीत जाऊन काकूंना विचारलं, त्या छातीठोक म्हणाल्या उजवा. मुलीला फोन केला.

"हा काय प्रश्न झाला, बाबा? तो… थांबा हं." मग पलीकडे ती पुटपुटत राहिली, डावा, उजवा, डावा. "बाबा, मला आठवत का नाहीये?"

त्या प्रश्नानं रफूवाले घाबरले. फोटोतून ती त्यांच्या हातानं गेली होती. आता बाकीच्यांच्या डोक्यातूनही निघाली होती, एकेक टाका उसवत.

त्यानंतर बरेच दिवस ते क्लासला गेले नाहीत. दुकानात बसायचे, रफू करायचे. एकदा सुई बदलायला हात लांब केला आणि तो चुकून डावीकडच्या गादीवर गेला. तिच्या सुया टोचायच्या त्या छोट्या गादीला ती गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. गादीतली एक सुई अजून ओवलेली होती. गडद निळा दोरा, वीतभर, टोक तिनं तोडलेलं. रफूवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं, वाकून पाहिलं आणि लॅपटॉपकडे न बघता थेट माडी गाठली. म्हणाले, अगदी जवळून फोटो काढायची काच असते ना, ती हवी.

बाई स्वतःच काच आणि ट्रायपॉड घेऊन दुकानात आल्या. दार लोटून घेतलं, कारण रस्त्यावरच्या वाऱ्यानं दोरा हलत होता. पंखाही बंद केला. लाँड्रीत हे कसं पोचलं ते विचारू नका. काकूंनी त्या तासाभरात तोच तो शर्ट किती वेळा इस्त्री केला असेल, कुणास ठाऊक.

आत पहिला फोटो आला आणि त्यात दोऱ्याचा केसभर भाग तेवढा स्पष्ट, बाकी धुकं. इतक्या जवळून असंच होतं, बाई म्हणाल्या, भोक उघडं असलं की फोकस पातळ होतो.

"आता इथे तुमची सवय कामाची, काका. करा बंद."

रफूवाल्यांनी भोक आवळलं. मग उजेड पुरेना, म्हणून शटर लांबवलं. खिडकीसमोर पांढरा कागद धरून उजेड दोऱ्यावर वळवला. बटण दाबलं आणि श्वास धरून उभे राहिले. कॅमेऱ्यानं त्यांचा श्वास संपेपर्यंत वेळ घेतला.

पडद्यावर दोऱ्याचा दोरखंड झाला होता. तीन पदर एकमेकांना पिळलेले. टोकाशी दोन पदर चपटे, चावून तोडलेले. तिसरा त्यांच्यापेक्षा थोडा लांब, एकटाच पुढे आलेला. तो खाचेत शिरला होता आणि दाताच्या तावडीतून सुटला होता. कात्रीनं कापलेला दोरा असा कधी दिसत नाही. दुसऱ्या कुणाच्या दातानं तोडलेलाही नाही.

बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. दोऱ्याशेजारी कापसाचा एक कण दिसत होता. हा काढून टाकू या ना?

"राहू दे," रफूवाले म्हणाले. आणि पहिली गोष्ट केली ती कॉपी.

फोटो मोठा छापून खुर्चीच्या वर लागला. गिऱ्हाईकं विचारायची, हे काय आहे, दोरखंड आहे की कुणाची वेणी? रफूवाले म्हणायचे, दोरा आहे. लोकांना वाटायचं, दुकानाची जाहिरात असेल. मग एक दिवस काकूंना राहवलं नाही. कुणाच्या तरी पँटचं निमित्त करून त्या आत आल्या, आधी खळीवाली कुठे दिसते का ते पाहिलं, मग भिंतीकडे मान वळवली.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "हा तर हिचा दोरा."

रफूवाल्यांच्या हातातली सुई थांबली. कशावरून?

"कशावरून म्हणजे? हिनं लावलेल्या बटणांना ही एक शेपटी सुटलेली असायचीच. हे बघा, माझ्या स्वेटरला. मी कितीदा म्हणायचे, काप गं ती. तर म्हणायची, बटण तुटलं की शेपटीला धरून आणा माझ्याकडे."

रफूवाले वाकून बघू लागले. काकूंच्या स्वेटरला, अगदी गळ्याखालच्या बटणाशी, निळ्याच दोऱ्याचा एक पदर पुढे आलेला होता. त्यांचे डोळे तिथेच खिळले, आणि एवढ्या वयाच्या शेजारणीच्या गळ्याखाली आपण किती वेळ बघतोय याचं त्यांना भान राहिलं नाही.

"काकू," ते शेवटी म्हणाले, "स्वेटर जरा काढून देता का?"

काकूंच्या तोंडून शब्द फुटला नाही. असं कधी झालं नव्हतं. त्यांनी भिंतीवरच्या दोऱ्याकडे एकदा पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि एकेक बटण काढत स्वेटर टेबलावर ठेवला. ठेवताना बाही नीट केली.

रेडिओ पुढे वाजला, वाजणारच. रफूवाल्यांनी माझा स्वेटर उतरवून घेतला, ही बातमी काकूंनी तिखटमीठ लावून सांगितली. पण शेवटी प्रत्येकाला बजावलं, घरात तिनं बटण लावलेलं काही असलं तर नेऊन द्या हो. आणि कपडे यायला लागले. ऑफिसचे शर्ट, विटलेले कोट, आता घालायला लहान झालेली बाळाची झबली. लोक म्हणायचे, दुरुस्त काही करायचं नाही, नुसतं बघून घ्या.

दात डावा की उजवा, हे अजून ठरलेलं नाही. सुबक हसणारी ती दुसरी बाई लॅपटॉपमध्येच आहे. ती भिंतीवर येणार नाही आणि पुसलीही जाणार नाही.

रफूवाले दुपारच्या उजेडात ट्रायपॉड लावतात. बटण सरळ करतात, भोक आवळतात, फोकस शेपटीवर आणतात. परवा एका कोटाची शेपटी फारच लांब निघाली, तर त्यांचा हात सवयीनं कात्रीकडे गेला. गेला आणि मधेच थांबला. ते किंचित डावीकडे वळले.

"कात्री काय शोभेला ठेवलीय?" ते म्हणाले.

दारात एक गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभं होतं, जुनं, ओळखीचं. उत्तराला लागायचा तेवढा वेळ त्यानं जाऊ दिला, आणि मग पिशवी पुढे केली.