नानांचं औषधपाण्याचं कलम

नानांनी जन्मात फुटबॉलला लाथ मारली नव्हती, पण त्यांच्या होकाराशिवाय आमच्या लीगमध्ये कुणाला लाथ मारता येत नव्हती. धुळ्यात आग्रा रोडला त्यांचं सायकलचं दुकान होतं. मॅचमध्ये गोल झाला की आम्ही सगळे बोंब मारत नाचायचो, आणि नाना आपले मैदानावरच्या खेळाडूंची डोकी मोजत उभे. "गोल काय, पंच मोजतो. माणसं कोण मोजणार?" असं वर आम्हालाच विचारायचे.

ऐंशीच्या दशकात धुळे-जळगावकडच्या क्लबांची मिळून एक पगारी लीग चालायची. पगारी म्हणजे आपलं नाव मोठं. खेळाडूच्या चहापाण्याचं भागायचं आणि घरी थोडं देता यायचं, एवढंच. मी आमच्या क्लबचा गोलकीपर होतो आणि नाना मॅनेजर. लीगचे नियमही नानांनीच बसवलेले. हंगामाआधी प्रत्येक क्लबने सोळा नावं द्यायची. एकदा दिली की हंगाम संपेपर्यंत नवं नाव आत नाही आणि आतलं बाहेर नाही. शिवाय सगळ्या खेळाडूंवर मिळून ठरल्या रकमेच्या वर खर्च करायचा नाही, नाहीतर क्लब बाद. हे नसतं तर जळगावच्या तेलगिरणीवाल्या शेठने दोन्ही जिल्ह्यांतले चांगले खेळाडू एकट्याने उचलले असते. नाना पंपाचा दांडा दाबत सांगायचे, "एकाच चाकात हवा कोंबत बसला तर सायकल कशी चालेल रे भाऊ?"

शेठही काही कच्चा नव्हता. तो जास्तीचे पैसे औषधपाण्याच्या नावावर द्यायला लागला, कारण औषध रकमेत धरत नसत. त्याचा सेंटर फॉरवर्ड कागदावर वर्षभर सर्दीने आजारी, आणि फिरायला मात्र नवीकोरी मोटारसायकल! नाना म्हणाले, "अशी सर्दी आमच्या घरात कुणाला होत नाही बुवा." त्यांनी लीगच्या बैठकीत शेठच्या क्लबला दंड ठोकायला लावला आणि नवं कलम घातलं. औषधपाण्याचा खर्चही रकमेत धरायचा, मग पैसा क्लबचा असो, मॅनेजरच्या खिशातला असो की कुणा हितचिंतकाचा. बैठकीत टाळ्या पडल्या. आम्हीही हात लाल होईपर्यंत वाजवल्या.

त्याच वर्षी शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून गुलाब आमच्याकडे आला. उजव्या बाजूने पळत सुटला की बचाववाले नुसते बघत राहायचे. नानांचा त्याच्यावर फार जीव. त्याला दुकानाच्या माळ्यावर राहायला जागा दिली, सकाळी स्वतःच्या हाताने चहा करून द्यायचे. पण माळ्याचं भाडं मात्र क्लबच्या रकमेत धरलं! मी म्हटलं, "नाना, तुमचाच माळा ना?" तर माझ्यावरच डाफरले, "माळा माझा शे, नियम सगळ्यांचा शे."

जळगावच्या मॅचमध्ये गुलाबचं गुडघ्याखालचं हाड मोडलं. तो आवाज मला गोलमध्ये ऐकू आला. सिव्हिलमध्ये प्लास्टर घातलं, पण डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेऊन लवकर ऑपरेशन करा, नाहीतर हाड वाकडं जुळेल. गुलाबच्या घरी विकायला दोन बकऱ्यांशिवाय काही नव्हतं. आमच्या क्लबची रक्कम काठोकाठ भरलेली, वर एक रुपया गेला तरी क्लब बाद. सोळांतून त्याचं नाव काढावं, तर तेही हंगामात निघत नव्हतं.

आम्ही म्हणालो, नाना, गुपचूप देऊ, कोण बघतंय? नाना म्हणाले, "शेठला मी कोणत्या तोंडाने दंड केला मग?" ते सवलत मागायला लीगच्या बैठकीला गेले. हात जोडून उभे राहिले. नाना हात जोडतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेठचा माणूस हसत म्हणाला, "नाना, कलम तुमचंच आहे. हंगाम संपू द्या की." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाहेर आल्यावर मी ओरडलो, "जळो तुमची लीग! त्या पोराचा पाय चाललाय!" नाना पायरीवर बसले. "मीच नियम मोडला तर उद्या कोण पाळेल रे?" एवढंच म्हणाले.

हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी दुकानातल्या भाड्याने द्यायच्या सगळ्या सायकली विकल्या आणि गुलाबला घेऊन मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, पुन्हा हाड मोडून ऑपरेशन केलं आणि सांगितलं, फार उशीर केलात. गुलाब परत आला तो एक पाय ओढत.

पुढच्या बैठकीत ते कलम काढायचा ठराव नानांनीच मांडला. एकमताने पास झाला. शेठच्या माणसाने नानांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. नाना उठले, मॅनेजरकी सोडली आणि पुन्हा मैदानाकडे फिरकले नाहीत.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी नाना एसटीने शिंदखेड्याला जायचे. गुलाब तिथे कांदे-बटाटे विकायला बसायचा. मी बऱ्याचदा त्यांच्याबरोबर गेलो. मला त्यांचा राग होता, खोटं कशाला सांगू, आणि त्यांना एकटं सोडवतही नव्हतं. नाना त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "पाय कसा शे रे?"

"बरा शे, नाना. आते काहीच दुखत नई."

मग परतीच्या गाडीत नानांना जरा झोप लागायची.

नव्वदचं दशक सरता सरता नाना गेले. अंत्ययात्रेला जुने खेळाडू थोडेच आले. गुलाब खेड्याहून आला होता. आम्ही नको नको म्हणत असताना त्याने तिरडीला खांदा दिला, आणि त्याच्या पायामुळे सगळ्यांनाच हळू चालावं लागलं. चिता पेटल्यावर तो बाजूला जाऊन दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी गुडघ्याखाली दाबू लागला. मी जाऊन त्याच्यासमोर बसलो. नानांचंच वाक्य तोंडात आलं.

"पाय कसा शे रे?"

गुलाबने आधी चितेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आते नाना गयात," तो म्हणाला. "आते खरं सांगस, भाऊ. रोज दुखस."